उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते? झोपून आणि उभे राहून बीपी मोजा

"सकाळी प्रार्थनेला उभी होती, आणि एकदम खालीच पडली बघा." आई सांगत असते. शेजारी सोळा-सतरा वर्षांची मुलगी मान खाली घालून बसलेली असते. हातात रिपोर्टची फाईल. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड, ईसीजी, एखाद्या वेळी मेंदूचा एमआरआयसुद्धा. सगळे नॉर्मल. खुर्चीत बसवून मोजलेले बीपी ११०/७०, तेही नॉर्मल. मग मुलीला बाहेर पाठवून आई हळूच विचारते, "डॉक्टर, फिट तर नसेल ना? उद्या लग्नाचं बघताना कुणी विचारलं तर काय सांगायचं?"

सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या हद्दीवर माझा दवाखाना आहे. दोन्हीकडचे पेशंट येतात आणि हा प्रसंग थोड्याफार फरकाने मी नेहमी पाहतो. कधी मुलगी असते, कधी भरतीची तयारी करणारा मुलगा. बऱ्याच वेळा उत्तर त्या जाड फाईलमध्ये सापडत नाही. ते एका साध्या तपासणीत सापडते. तिला बीपीचे मशीन आणि पंधरा मिनिटे लागतात. पेशंटला झोपवून बीपी आणि नाडी मोजायची, मग उभे करून पुन्हा मोजायची. सुरुवातीची काही वर्षे मीही हे करत नव्हतो. बसवून बीपी मोजायचो, "अशक्तपणा आहे" म्हणायचो आणि बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या लिहून द्यायचो. म्हणून ही माहिती तुमच्यापर्यंत पोहोचावी असे मला मनापासून वाटते.

तुमची चक्कर कोणती?

मराठीत आपण 'चक्कर' हा एकच शब्द दोन वेगळ्या त्रासांसाठी वापरतो. एका त्रासात खोली किंवा आपण स्वतः गरगर फिरतो आहोत असे वाटते. तो बहुतेक वेळा कानाच्या आतल्या भागाशी संबंधित असतो आणि अंथरुणात कूस बदलतानाही होतो. दुसऱ्या त्रासात काही फिरत नाही. डोळ्यांपुढे अंधारी येते, कानात आवाज येतो, पायातले बळ जाते, आता पडतो की काय असे वाटते, आणि आडवे झाले की बरे वाटते. हा लेख या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे. डॉक्टरांकडे गेल्यावर "चक्कर येते" एवढेच न सांगता गरगरते की अंधारी येते, हे सांगा. निम्मे निदान तिथेच होते.

उभे राहिल्यावर शरीरात काय होते?

झोपलेले असताना डोके, हृदय आणि पाय साधारण एकाच पातळीवर असतात. उभे राहिलो की गुरुत्वाकर्षणामुळे सुमारे अर्धा ते पाऊण लिटर रक्त छातीतून खाली, पोटाच्या आणि पायांच्या नीलांमध्ये उतरते. हृदयाकडे परत येणारे रक्त तेवढे कमी होते आणि बीपी उतरू लागते.

मानेतल्या रोहिण्यांमध्ये आणि हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीत दाब ओळखणारे संवेदक असतात. दाब कमी झाला की ते मेंदूला निरोप देतात. मेंदू लगेच दोन कामे करतो. नाडीचे ठोके मिनिटाला दहा-वीसने वाढवतो आणि पोटातल्या व पायांतल्या रक्तवाहिन्या आवळून घेतो. पोटऱ्यांचे स्नायूही हालचाल करताना पंपासारखे रक्त वर ढकलतात. हे सगळे काही सेकंदांत, आपल्या नकळत होते.

यात थोडी जरी गडबड झाली तरी पहिला फटका मेंदूला बसतो. मेंदूचे वजन शरीराच्या साधारण २ टक्के असते, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी सुमारे १५ टक्के रक्त त्याला लागते. त्याच्याकडे शिल्लक साठा जवळजवळ नसतो. पुरवठा सहा ते आठ सेकंद थांबला तरी शुद्ध हरपते. माणूस पडतो, शरीर आडवे होते, रक्त पुन्हा मेंदूकडे पोहोचते आणि तो शुद्धीवर येतो.

गडबडीचे चार नेहमीचे प्रकार

१. उठताक्षणीची अंधारी. बिछान्यातून किंवा खाली बसलेले असताना झटकन उठले की काही सेकंद अंधारी येते आणि अर्ध्या मिनिटात जाते. उंची झपाट्याने वाढणाऱ्या, सडपातळ मुलामुलींत हे फार दिसते. यात बीपी क्षणभरच उतरते. मशीनचा पट्टा फुगेपर्यंत ते पूर्ववत झालेले असते, त्यामुळे ते मशीनवर सापडत नाही.

२. उभ्याने बीपी उतरणे. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचे बीपी २० किंवा खालचे १० ने उतरले, तर ते खरे उतरणे मानतात. तरुण वयात याचे कारण बहुधा शरीरातले पाणी कमी होणे, रक्तस्राव किंवा एखादे औषध असते.

३. साधी भोवळ. तरुणांमध्ये शुद्ध हरपण्याचे हे सर्वात जास्त आढळणारे कारण. बराच वेळ उभे राहणे, गर्दी, उकाडा, इंजेक्शन, रक्त पाहणे किंवा तीव्र वेदना यांमुळे मेंदूकडून उलटाच हुकूम सुटतो. नाडी मंदावते आणि रक्तवाहिन्या सैल पडतात. आधी मळमळ, घाम, जांभया, चेहरा पांढराफटक पडणे अशी सूचना मिळते.

४. पॉट्स. यात बीपी फारसे उतरत नाही, पण ते टिकवण्यासाठी हृदयाला धावावे लागते. उभे राहिल्यावर दहा मिनिटांच्या आत नाडी ३० किंवा त्याहून जास्त ठोक्यांनी वाढते. १२ ते १९ वयोगटात ही मर्यादा ४० ठोक्यांची आहे. सोबत धडधड, थरथर, डोके जड होणे, मान-खांदे भरून येणे, पाय जांभळट पडणे, वाचलेले लक्षात न राहणे असा त्रास तीन महिन्यांहून जास्त काळ असावा लागतो. मुलींमध्ये हे जास्त दिसते. अनेकदा सुरुवात एखाद्या विषाणूजन्य तापानंतर होते. कोविडनंतरही असे बरेच रुग्ण आढळले. पॉट्सचा रुग्ण प्रत्यक्ष पडेलच असे नाही. अनेक जण कधीच पडत नाहीत, फक्त उभे राहणे त्यांना जड जाते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. घाबरून किंवा त्रासामुळे श्वास भराभर घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. मग बीपी ठीक असूनही मेंदूला रक्त कमी पडते, हातापायांना मुंग्या येतात. म्हणून अशा वेळी सावकाश श्वास सोडायला सांगणे, हेही औषधच आहे.

आपल्या भागात हे का वाढते?

माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये ऊन किती असते हे वेगळे सांगायला नको. घामावाटे पाणी आणि मीठ दोन्ही जाते. त्यात शाळेत स्वच्छतागृहाची सोय नीट नाही म्हणून मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. हे मला इतक्या वेळा ऐकायला मिळते की आता मी तो प्रश्न स्वतःहून विचारतो.

दुसरे कारण रक्तक्षय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. पाळीत रक्तस्राव जास्त जात असेल, तर मुलगी "तसं काही नाही" म्हणून टाळते. दिवसाला किती पॅड लागतात, असे आईने प्रेमाने विचारावे. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर उपचार हवेत. जेवणाला लागून चहा घेतला की अन्नातले लोह नीट शोषले जात नाही, हेही ध्यानात ठेवा.

तिसरे कारण उपास. नवरात्रात किंवा एकादशीला निर्जळी उपास करून तासन्‌तास रांगेत उभे राहिले, की भोवळ ठरलेली. उपास करा, पण पाणी सोडू नका.

चौथे कारण भरतीची तयारी. पहाटे उपाशीपोटी मैदानावर धावणारी मुले दोन्ही जिल्ह्यांत गावोगावी दिसतात. पोलीस भरतीसाठी मुलांना १६०० मीटर धावावे लागते. धाव संपल्यावर मुलगा एकदम थांबतो. पोटऱ्यांचा पंप बंद पडतो, पण पायांच्या रक्तवाहिन्या अजून फुगलेल्याच असतात, आणि तो पडतो. उपाय सोपा आहे. रेषा ओलांडल्यावर थांबू नका, पाच मिनिटे चालत राहा. मात्र धावत असतानाच, ऐन जोरात मुलगा कोसळला तर ती गोष्ट पूर्णपणे वेगळी आहे. त्याबद्दल पुढे सांगतो.

शिवाय बीपीच्या, लघवी वाढवणाऱ्या आणि मनाच्या आजारावरच्या काही गोळ्यांनीही उभ्याने बीपी उतरते. गोळी स्वतःच बंद करू नका. डॉक्टरांना दाखवून बदल करून घ्या.

पंधरा मिनिटांची तपासणी

ही तपासणी दवाखान्यात करून घेतलेली उत्तम. घरी डिजिटल मशीन असेल तर घरीही करता येते, पण जवळ एक मोठा माणूस हवा. आधी पूर्ण शुद्ध हरपली असेल किंवा पुढे दिलेली धोक्याची लक्षणे असतील, तर घरी करू नका.

• सकाळी, चहा घेण्यापूर्वी करा.
• पाच मिनिटे शांत पडून राहा. बीपी आणि नाडी लिहून ठेवा.
• उभे राहा. टाचा भिंतीपासून साधारण सहा इंच पुढे ठेवून पाठ भिंतीला हलकी टेकवा. पाय हलवू नका, बोलू नका.
• १, ३, ५ आणि १० मिनिटांनी बीपी, नाडी आणि काय वाटते ते लिहा.
• अंधारी आली, मळमळ झाली तर लगेच आडवे व्हा. दहा मिनिटे पूर्ण करण्याचा हट्ट नको.

उदाहरणार्थ, झोपून नाडी ७६ व बीपी ११२/७० आणि उभ्याने दहाव्या मिनिटाला नाडी १२४ व बीपी ११०/७६ असेल, तर बसून मोजलेल्या 'नॉर्मल' बीपीने त्या मुलीचा त्रास कधीच दाखवला नसता. हा कागद डॉक्टरांकडे घेऊन जा. एकाच दिवसाच्या आकड्यांवरून स्वतः निदान करू नका. ताप, जुलाब किंवा रक्तक्षयातही नाडी अशीच वाढते.

सोबत हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड आणि एक ईसीजी पुरेसा असतो. शुद्ध हरपलेल्या प्रत्येकाचा ईसीजी एकदा काढलाच पाहिजे. टिल्ट टेबल ही टेबल उभे करून करायची तपासणी मोठ्या शहरांतल्या काही केंद्रांत होते. बहुतेकांना तिची गरज पडत नाही.

ही चक्कर साधी समजू नका

पुढीलपैकी एकही गोष्ट असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि ईसीजी काढून घ्या:

• धावताना, खेळताना, पोहताना शुद्ध हरपली.
• झोपलेले किंवा बसलेले असताना, कसलीही सूचना न मिळता शुद्ध हरपली.
• पडण्याआधी छातीत दुखले किंवा छातीत जोरात धडधडले.
• मोठा आवाज ऐकून किंवा दचकून पडला.
• घरात कुणाचा तरुण वयात अचानक मृत्यू झाला आहे, किंवा स्वतःला लहानपणापासून हृदयाचा आजार आहे.
• शौच काळे डांबरासारखे होते.
• पाळी चुकली आहे आणि पोटात दुखते आहे. गर्भनलिकेत गर्भ राहिल्याची ही खूण असू शकते. यात तासाभराचाही उशीर नको.
• वजन उतरते आहे, त्वचा काळवंडते आहे, सारखे खारट खावेसे वाटते. मूत्रपिंडावरील ग्रंथींचे काम कमी झाल्यास असे होते.

धावताना कोसळलेल्या मुलाचे "पोटात काही नव्हतं" म्हणून समाधान करून घेऊ नका. हृदयाचा स्नायू जाड असणे किंवा हृदयाच्या विद्युतप्रवाहात जन्मजात दोष असणे अशी कारणे तरुणांमध्ये असतात. हृदयरोगतज्ज्ञांनी तपासून परवानगी देईपर्यंत त्याची धाव बंद.

फिट की भोवळ?

साध्या भोवळीतही हातपाय काही सेकंद झटके देऊ शकतात. ते पाहून लोक फिट समजतात, कांदा किंवा चप्पल हुंगवतात, कुणी अंगारा लावतात. फरक असा ओळखा. भोवळीत आधी अंधारी आणि घाम येतो, चेहरा पांढरा पडतो, झटके थोडेच असतात, आणि आडवे केल्यावर मिनिटाभरात माणूस भानावर येऊन नीट बोलतो. फिटमध्ये झटके मिनिट-दोन मिनिटे चालतात, जिभेचा कडेचा भाग चावला जातो, चेहरा निळसर पडतो आणि नंतर बराच वेळ माणूस गोंधळलेला असतो. पाहणाऱ्याने शक्य असल्यास मोबाईलवर व्हिडिओ काढावा. मला त्याचा एमआरआयपेक्षा जास्त उपयोग होतो.

हे महत्त्वाचे का? चुकून फिटचे लेबल लागले तर वर्षानुवर्षे नको त्या गोळ्या चालू राहतात. मुलीला पोहायला, सायकल चालवायला, बाहेरगावी शिकायला मनाई होते. आणि खरोखर फिट असेल तरी त्यावर चांगले उपचार आहेत. ती लपवण्याची गोष्ट नव्हे.

अंधारी येताच काय करावे?

सूचना मिळताच खाली बसा, शक्य असल्यास आडवे व्हा. लाजू नका. आडवे होणे शक्य नसेल तर पायावर पाय टाकून मांड्या घट्ट आवळा, दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून जोरात ओढा, किंवा उकिडवे बसा. त्यामुळे खाली साचलेले रक्त वर ढकलले जाते आणि बरेचदा पडणे टळते.

कुणी पडले तर त्याला उचलून खुर्चीत बसवू नका. आपल्याकडे सर्वात जास्त होणारी चूक हीच. त्याला सपाट झोपवा, पाय वर उचला, कपडे सैल करा, गर्दी हटवा. गरोदर बाईला डाव्या कुशीवर वळवा. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी घालू नका. दोन मिनिटांत शुद्ध आली नाही, तर १०८ ला फोन करा. श्वास थांबला असेल तर क्षणही न दवडता १०८ ला फोन करून छाती दाबायला सुरुवात करा.

रोजचे उपाय

पाणी. दिवसभरात अडीच ते तीन लिटर. सकाळी उठण्यापूर्वी अंथरुणातच दोन ग्लास प्या आणि दहा मिनिटांनी उठा. उन्हाळ्यात ताक, लिंबू सरबत, अंबील चांगली. जुलाब-उलट्या झाल्यास ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापानेच पाण्यात कालवा. "एक सलाईन लावा" असा आग्रह नको. पिता येत असेल तर प्यालेले पाणीच चांगले.

मीठ. इतरांना मी मीठ कमी करायला सांगतो. या रुग्णांपैकी काहींना मात्र ते वाढवावे लागते. पण हे डॉक्टरांनी सांगितल्यावरच करा. बीपी, मूत्रपिंड किंवा हृदयाचा आजार असल्यास अजिबात नको.

उठणे. आधी कुशीवर वळा, मग पाय खाली सोडून मिनिटभर बसा, पोटऱ्या हलवा, मग उभे राहा. प्रार्थनेला किंवा परेडला उभे असताना बुटातल्या बुटात बोटे आवळत राहा, टाचा किंचित उचला.

अंघोळ. कढत पाण्याने रक्तवाहिन्या सैलावतात. कोमट पाणी घ्या, स्टुलावर बसून अंघोळ करा आणि काही दिवस आतून कडी लावू नका. रात्री लघवीला उठणाऱ्या मुलांनीही बसूनच करावी.

जेवण. एकदम पोटभर जेवल्यावर रक्त आतड्यांकडे वळते. थोडे थोडे, चार-पाच वेळा खा. एनर्जी ड्रिंक बंद.

व्यायाम. चक्कर येते म्हणून महिनोन्‌महिने पडून राहिले तर आजार वाढतो. वजनरहित अवस्थेत राहून पृथ्वीवर परतलेल्या अंतराळवीरांनाही उभे राहताना हाच त्रास होतो, कारण शरीराची उभे राहण्याची सवय मोडलेली असते. सुरुवात झोपून किंवा बसून करायच्या व्यायामांनी करा. पाय उचलणे, पूल करून कंबर उचलणे, बसून चालवायची स्थिर सायकल. दर आठवड्याला थोडे वाढवा. तीन महिने धीर धरा.

मांडीपर्यंत किंवा कमरेपर्यंतचे घट्ट मोजेही अनेकांना उपयोगी पडतात. एवढ्याने भागले नाही तर फ्लुड्रोकॉर्टिसोन, मिडोड्रिन, प्रोप्रानोलॉल अशी औषधे आहेत. प्रत्येकाचे काम वेगळे आहे. एकाला लागू पडलेली गोळी दुसऱ्याचे बीपी आणखी खाली नेऊ शकते. मेडिकलमधून परस्पर आणू नका.

घरच्यांना एक विनंती

१८७१ मध्ये जेकब द कोस्टा या अमेरिकन डॉक्टरांनी यादवी युद्धातल्या सैनिकांबद्दल लिहिले. अंगाने धडधाकट दिसणारी ही माणसे धडधड आणि थकव्याने कवायतीला उभी राहू शकत नव्हती. त्यांतल्या काहींना आजचा पॉट्सच असावा, असे अनेक डॉक्टरांना वाटते. पॉट्स हे नाव रूढ झाले १९९३ मध्ये, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या अभ्यासानंतर. मधल्या काळात किती जणांना भित्रे, कामचुकार ठरवले गेले असेल, याचा विचार करा.

आज आपल्या घरात तेच होते. "सकाळी शाळेच्या वेळेलाच बरी चक्कर येते", "मोबाईल बघताना नाही येत" असे टोमणे मुलगी ऐकते. सकाळी त्रास जास्त असतो, कारण रात्रभर पाणी प्यालेले नसते. मोबाईल बघताना नसतो, कारण तेव्हा ती पडलेली असते. शाळेलाही एक चिठ्ठी द्या. वर्गात पाण्याची बाटली ठेवू द्यावी, प्रार्थनेला बसू द्यावे. एवढ्याने तिची हजेरी भरते.

साधी भोवळ जिवाला धोका करत नाही. पॉट्सचे बहुतेक तरुण रुग्णही हळूहळू सुधारतात. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा निःसंकोच म्हणा, "डॉक्टर, हिचं बीपी एकदा झोपवून आणि एकदा उभं करून बघाल का?" कोणत्याही चांगल्या डॉक्टरला या विनंतीचा राग येणार नाही.